मागं कोण होतं

तानाजी जत तालुक्यातल्या वाड्यांवर पाण्याचा टँकर चालवायचा. टँकर वाडीत शिरला की बायका हंडे-कळश्या घेऊन मागं धावायच्या. त्यांना बाजूला ठेवायला एक क्लीनर असायचा. एका उन्हाळ्यात तो काम सोडून गेला आणि ठेकेदारानं दुसरा दिलाच नाही. "तू जुना माणूस हायस, भागव एकट्यानं," म्हणाला. तानाजीनं भागवलं.

एका सकाळी विहिरीशी टँकर लावताना त्यानं हॉर्न दिला, दोन्ही आरशांत पाहिलं आणि गाडी मागं घेतली. बायका ओरडल्या. त्याला वाटलं, नंबरावरून नेहमीची भांडणं असतील. वाडीतल्या म्हाताऱ्या धोंडुबाई मागच्या चाकाखाली सापडून जागीच गेल्या होत्या.

पोलिसांनी त्याला नेलं. जामीन झाला. पण झोप गेली ती गेलीच. जेवताना घास तसाच हातात धरून बसायचा.

वकिलांनी समजावलं, "तू मुद्दाम केलं नाहीस, हे पोलिसही मानतात. म्हणून खुनाचा गुन्हा नाही. पण तुझ्या निष्काळजीपणानं जीव गेला का, ते कोर्ट बघणार."

"म्हंजी मी काय कराय पायजे हुतं?"

"खाली उतरून बघायचं. नाहीतर कुणाला तरी मागं उभं करायचं."

"क्लीनरच न्हवता की, साहेब!"

"मग गाडी मागं का घेतलीस, असं विचारतील."



मुख्य साक्षीदार होती माया, धोंडुबाईंची सून. ती तिथंच हंडा घेऊन उभी होती. ठेकेदारानं निरोप धाडला, 'तिला भेट. म्हातारी आपणच घसरून चाकाखाली गेली, एवढं बोलली तर सुटशील.' तानाजी गेला. मायानं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला.

"बसा, भावजी. काय काम काढलं?"

भिंतीवर धोंडुबाईंचा फोटो होता. तानाजीनं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. "काय न्हाई, वैनी. असंच आलतो," म्हणून तो उठला.

"आवं, नुसतं पाणी पिऊन आलासा?" घरी त्याची बायको रेश्मा हे ऐकून कपाळाला हात लावून बसली. "आता ती काय सांगंल, कुणास ठावं!"

साक्षीच्या दिवशी तानाजी आरोपीच्या जागी उभा होता. माया खालच्या आवाजात बोलली. हॉर्न वाजला होता, हे सांगितलं. गाडी हळू होती, हेही सांगितलं. मग सरकारी वकिलांनी विचारलं, "ड्रायव्हर खाली उतरला होता का?"

तिनं एकदा तानाजीकडं पाहिलं. "न्हाई," म्हणाली.

निकालात सहा महिन्यांची कैद झाली. अपिलासाठी शिक्षा थांबवून कोर्टानं त्याला जामिनावर सोडलं. बाहेर लिंबाखाली माया थांबली होती.

"तुमी आत जावं, असं माझ्या मनात न्हवतं, भावजी. पर इचारल्यावर खोटं कसं सांगू?"

"व्हय, वैनी," तानाजी म्हणाला. त्याला राग आला नाही, आणि बरंही वाटलं नाही.

अपील सांगलीच्या कोर्टात आहे. त्यानं टँकर सोडला. आता भावाबरोबर मेंढरं राखतो. वकिलांचा फोन आला की मोबाइल रेश्माच्या हातात देतो, आणि ती ऐकत असते तोवर तिच्या तोंडाकडं बघत उभा राहतो.