गुलाबरावांच्या अंगावरची धूळ

गुलाबराव कामावरून आले की घराची पायरी चढत नसत. अंगणात दोन्ही हात पसरून उभे राहत आणि त्यांची बायको इंदूबाई जुन्या लुगड्याच्या घडीने त्यांना डोक्यापासून पायापर्यंत झोडपून काढत. पांढरी धूळ उडायची.

"मार वं, मार!" गुलाबराव गल्लीला ऐकू जाईल असं ओरडत. "लोकायले दिसू दे घरात कोणाचं राज्य आहे ते."

"तोंड मिटा, नाहीतर ताटात पत्रा वाढीन!"

मग सदरा-पायजमा उलटा करून झटकायचा, त्यानंतर धुवायचा. दुसऱ्या दिवशीचं काम सांगायला मी संध्याकाळी त्यांच्याकडे जात असे, म्हणून हा क्रम वीस वर्षं पाहिला. इतकं स्वच्छ घर त्या वस्तीत दुसरं नव्हतं.

आमच्या ठेकेदाराकडे ते सिमेंटचे पत्रे बसवत; मी गोदाम सांभाळत असे. साठ सालानंतर नागपुरात जिकडेतिकडे हे पत्रे चढले. गांधीबागेतली कापडाची गोदामं, जरीपटक्यातली दुकानं, कारखान्यांच्या शेड. करवतीने कापताना पिठासारखा भुगा उडे. गुलाबराव नाकातोंडावर ओला दुपट्टा बांधत, पण तो उन्हासाठी. "टिनाखाली माणूस भाजते बाबूजी," ते म्हणत, "याच्याखाली फक्त शिजते."

ऐंशी साल उलटल्यावर इंदूबाईंना दम लागू लागला. विहिरीवरून बादली आणतानाही त्या दोनदा बसत. छातीत पाणी झालं, ते काढलं, पुन्हा झालं. इस्पितळात मी सोबत होतो. डॉक्टरांनी विचारलं, "बाई कोणत्या कारखान्यात होत्या?"

"घरीच असते जी ते."

"आणि तुम्ही?"

गुलाबरावांनी सांगितलं. डॉक्टर आम्हाला व्हरांड्यात घेऊन आले. फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. पत्र्यात सिमेंटबरोबर अॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. श्वासातून आत गेले की तिथेच रुतून राहतात आणि वीस-वीस वर्षांनी रोग वर येतो. गुलाबरावांच्या कपड्यांवरून ते तंतू घरी आले होते.

गुलाबराव एकच विचारत होते, "पण हिले काहून? छतावर तर मी चढलो. हिनं पत्र्याले हात नाही लावला."

डॉक्टरांनी त्यांच्याही छातीचा फोटो काढायला लावला. तो स्वच्छ निघाला.

रोग कशाने झाला हे इंदूबाईंना सांगायचं की नाही, यावर आमचं काही ठरलं नव्हतं. आम्ही खाटेजवळ गेलो, तर त्यांनीच विचारलं, "तुमचा फोटो कसा आला?"

"साफ आहे."

त्या चेहऱ्यावर इतका आनंद मी फार दिवसांनी पाहिला. "पाहा! मी रोज झटकत होती म्हणून. एक कण नाही राहू देला तुमच्या अंगावर."

गुलाबराव माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हो वं. तूच वाचवलं मले."

महिनाभरात त्या गेल्या.

तेरावं झाल्यावर गुलाबराव गोदामात आले. बसले नाहीत. "आपल्या पत्रेवाल्यायच्या बायकायची नावं द्या बाबूजी. एकेकीच्या घरी जाऊन सांगतो. माणसायले सांगून उपयोग नाही, ते हसतीन."

मी रजिस्टर काढलं. प्रत्येक कारागिराचं नाव, बापाचं नाव, गाव, पत्ता, कामावर लागल्याची तारीख, सगळं माझ्याच अक्षरात होतं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकाही बाईचं नाव नव्हतं.