ट्रिपचा आकडा

नांदेडात देगलूर नाक्याच्या अलीकडं आनंदराजचं दुकान आहे. पाटीवर ‘सर्व प्रकारचे मीटर रिपेअर’ एवढंच लिहिलंय, त्यामुळं महिन्यातून एखादा बिचारा घरचं विजेचं मीटर पिशवीत घालून आणतो आणि शिव्या खाऊन परत जातो. इथं गाडीची मीटरं होतात, बाबा. ड्रायव्हरच्या पुढ्यात असते ना ती स्पीड, डिझेल, किलोमीटर दाखवणारी पेटी, ती. तीस वर्षं झाली आनंदराज तेच करतोय. हातात जादू, पण तोंड असं फटकळ की सख्ख्या मेव्हण्यानं त्या गल्लीतून जाणं सोडलं.

त्याला एकच पोरगा, सुगत. सव्वीस वर्षांचा. स्वतःचा पिकअप होता, नायगाव, धर्माबाद, देगलूर अशी मालाची भाडी मारायचा आणि भाडं नसलं की बापाच्या शेजारी बसायचा. जुन्या मीटरांत तारा, दाते, काटे. आनंदराज डोळे मिटून खोलायचा. नव्या गाड्यांचं तसं नाही. त्यातलं मीटर गाडीतल्या कॉम्प्युटरशी बोलतं, आणि गाडीतून बाहेर काढलं की मुकं होतं. दुरुस्त झालं की नाही हे बघायला दर वेळी उठून गाडीत बसवा, पुन्हा काढा, पुन्हा बसवा. सुगतचं म्हणणं साधं होतं. टेबलावरच एक टेस्टर करू. तो मीटरला करंट देईल आणि गाडी पाठवते तसले निरोपही पाठवील. मीटरला वाटेल आपण गाडीतच आहोत, आणि ते लागेल, म्हणजे चालू होईल. त्यानं प्लायवूडच्या फळीवर सर्किटचा एक छोटा बोर्ड ठोकून सुरुवातही केली होती.

चार गिऱ्हाइकांसमोर आनंदराजनं ती फळी उचलून बघितली. “गाडीबिगर गाडी चालवून राहिला का रे? कुठली खेळणी आणतो दुकानात?” आणि भिरकावली गल्लीत. गिऱ्हाइकं हसली. तिथं थांबायचं की नाही? पण हा थांबेल तर आनंदराज कसला. “जा, भाडी मार. तेवढंच जमतं तुला. या दुकानात पाय ठेवू नको.”

“न्हाई ठेवत,” सुगत म्हणाला. “घरात बी न्हाई ठेवत.”

सकाळचे दहा वाजले होते. तो पिकअप घेऊन धर्माबादच्या रस्त्याला लागला आणि त्यानं फोन बंद केला. चार वाजता दुकानातल्या फोनवर अनोळखी माणूस बोलला. नायगावच्या अलीकडं कुठल्या तरी ट्रकनं ठोकलं होतं. ट्रक थांबला नाही. पिकअप तीन कोलांट्या खाऊन सोयाबीनच्या रानात पडला होता आणि आत सुगतचा जीव उरलेला नव्हता.

माती झाली, वंदना झाली, पाहुणे आले नि गेले. सरजाबाई, सुगतची आई, नवऱ्याला एक शब्द बोलली नाही. पंधराव्या दिवशी भाकरीचं ताट त्याच्यापुढं सरकवून तिनं विचारलं, “त्यो जाऊन राहिला होता, का येऊन राहिला होता?”

 दहा ते चार, सहा तास पोरगा कुठं होता हे कुणालाच माहीत नव्हतं. गाडीचं तोंड कुठं होतं म्हणावं, तर तिला तोंडच उरलं नव्हतं. पोरगा रागानं दूर जाताना मेला, की राग गिळून घरी येताना? एवढंच नवरा-बायकोला पाहिजे होतं. दुसरं काही मागून मिळणारही नव्हतं.

आणि हे सांगू शकणारी एक वस्तू होती. सुगतला सवय होती, घरून निघताना मीटरातली ट्रिप, म्हणजे एका फेरीचे किलोमीटर मोजणारा वेगळा आकडा, शून्य करायची, किती डिझेलात किती पळाली ते कळायला. त्या मॉडेलच्या मीटरात बॅटरी तुटली तरी ट्रिपचा आकडा आत चिपमध्ये टिकतो, हे आनंदराजला पक्कं ठाऊक. तो स्कूटर घेऊन त्या रानापर्यंत जाऊन आला, मोजलं. पंचेचाळीस किलोमीटर. आकडा पंचेचाळीस निघाला तर पोरगा जात होता. त्याहून जास्त निघाला, तर कुठून तरी वळला होता.

पोलिसांनी सोडलेला पिकअपचा सांगाडा भंगारात गेला, तेव्हा त्यानं स्वतः जाऊन मीटर काढून आणलं. काच फुटलेली, मागचं सॉकेट चेपलेलं, आणि लावायला गाडी नाही. आता? सरजाबाई आत गेली आणि पलंगाखालून ती प्लायवूडची फळी काढून तिनं त्याच्यापुढं ठेवली. त्या दिवशी तिनंच ती गल्लीतून उचलून आणली होती.

आठ महिने लागले. छप्पन्न वर्षांचा माणूस दर रविवारी विष्णुपुरीला जाई. तिथल्या कॉलेजात शिकवणाऱ्या धम्मप्रिया मॅडमच्या गाडीचं मीटर त्यानं एकदा केलं होतं, तेवढीच ओळख. जन्मात कुणाचं ऐकून न घेतलेला आनंदराज त्यांच्यापुढं वही उघडून बसे आणि चुकला की “हाव मॅडम, चुकलं,” म्हणे. पोराचं मीटर जळू नये म्हणून त्यानं तसलीच दोन भंगार मीटरं आणली आणि आधी त्यांच्यावर हात बसवला. पहिल्यांदा नुसते लाल दिवे लागले. मग काटे हलले, पण पडद्यावर आकड्यांच्या जागी रेघा. इंजिन चालू असल्याचा निरोप मिळाल्याशिवाय मीटर आकडे दाखवत नाही, हे मॅडमनी शोधलं. एका बुधवारी दोन्ही भंगार मीटरं टेबलावर लख्ख लागली, आकड्यांसकट.  पोराची खेळणी चालली होती, आणि बघायला पोरगा नव्हता.

गुरुवारी सकाळी अकराला त्यानं शटर अर्धं ओढलं, सुगतचं मीटर फळीला जोडलं आणि बटण दाबलं. दिवे लागले. काटे शेवटापर्यंत जाऊन परत आले. पडद्यावर गाडी जन्मल्यापासूनचे एकूण किलोमीटर आले. एक लाख अठरा हजार आणि काही. ट्रिप बघायला मीटरवरची बारकी खुंटी एकदा टिचकी मारल्यासारखी दाबायची असते. दाबून धरली, तर ट्रिप पुसली जाते.

आता हे कसं सांगू? आनंदराजच्या दुकानाची रीत होती, मीटर लागलं की पहिलं काम ट्रिप शून्य. गिऱ्हाइकाच्या हातात शून्यावरचं मीटर द्यायचं, म्हणजे तो पहिल्या किलोमीटरपासून पारखून घेईल. तीस वर्षांत हजारो मीटरं त्या अंगठ्याखालून गेली होती, कालची दोन भंगारसुद्धा. डोळे पाण्यानं भरले होते, डोकं पोरापाशी होतं, आणि अंगठा आपल्या कामाला लागला. त्यानं खुंटी दाबली आणि धरली.

आकडा मध्ये दिसला का? दिसलाही असेल. त्याला काही आठवत नाही. त्यानं डोळे पुसले तेव्हा पडद्यावर शून्य पूर्णांक शून्य होतं.

एकूण किलोमीटर तसेच होते, पण घरून निघताना ते किती होते हे सुगतशिवाय कुणाला माहीत असणार? त्यानं मॅडमना फोन लावला. त्यांनी काय काय दाबलं ते सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, “काका, त्या जागेवर आता शून्यच लिहिलं गेलंय. मागचं निघणार नाही.” त्यानं फोन ठेवला आणि अंगठ्याकडं बघत बसला. तोडून टाकावासा वाटला त्याला.

घराकडं उघडणाऱ्या मागच्या दारातून सरजाबाईच्या बांगड्या वाजल्या. आनंदराजनं बटण बंद केलं.

“लागलं का?” तिनं विचारलं. आठ महिन्यांत ती एवढ्या जवळ येऊन उभी राहिली नव्हती.

“लागलं.”

“किती?”

“त्र्याहत्तर,” आनंदराज म्हणाला.

ती आणखी पुढं सरकली. “म्हंजे?”

“नायगाव वलांडून गेला थोडं फुडं. आन् वळला.”

“मला दाखवा.”

“बंद पडलं गं. एकडाव लागलं, आता लागत न्हाई.”

तिनं पुन्हा मागितलं नाही. मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली, मोकळी रडली. मग तिनं लातूरला बहिणीला फोन लावला. “अगं, येऊन राहिला होता लेकरू माझा. त्र्याहत्तर. हाव, मीटरात निघालं. ह्यांनी काढलं.” त्र्याहत्तर, त्र्याहत्तर, चार वेळा म्हणाली. आनंदराज समोरच्या खिळ्याकडं बघत ऐकत राहिला.

फोन ठेवून ती त्याच्यापाशी आली. कितीतरी दिवसांनी तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“माती झाली तवा बी तुमी रडला न्हाईत,” ती म्हणाली. “आता तरी रडा. त्याच्या मनात राग न्हवता.”

आनंदराज रडला. गुडघ्यात तोंड घालून, आवाज काढून रडला. सरजाबाई त्याची पाठ चोळत राहिली. तिला वाटलं, पोरगा परत येत होता म्हणून रडतोय.