रत्नाबाईच्या हातातला दोर

आंबागडजवळच्या त्या खेड्यात तलावाच्या पाळीखालून थोडं पाणी नेहमीच पाझरायचं. पाझर नितळ होता, म्हणून कुणी घाबरत नसे. १९८१च्या भादव्यात एका दुपारी तो गढूळ झाला. पाळ आतून पोखरली जात होती, आणि खाली गावाचं सगळं धानाचं पीक उभं होतं.

रत्नाबाईचा नवरा टिकाराम कमरेला दोर बांधून, मातीचं पोतं घेऊन भोक बुजवायला पाण्यात उतरला. "तीन झटके देईन तवाच ओढजो," दोराचं दुसरं टोक तिच्या हाती देत तो म्हणाला. आधी ओढलं तर पोतं निसटलं असतं.

बुडी मारल्यावर दोर हलेना.

"ओढ ना वो! काहून थांबून राहिली?" शेजारची बेबीबाई ओरडली.

"मातामाय हाय त्याच्यासंगं," रत्नाबाईनं गावदेवीचं नाव घेतलं.

"तापानं तुही दोन लेकरं गेली, तवा कुठं होती तुही मातामाय?"

"माह्याजवळच बसली होती. नाही तं मी वाचली असती का, बेबी?"

असं बोलत तिनं दोर मुठीत आणखी आवळला. एक झटका आला. मग दुसरा. तिसरा येईना. रत्नाबाई देवीचं नाव घेत राहिली, पण तिनं दोर ओढला नाही.

तिसरा आला, तशा दोघी मिळून ओढू लागल्या. टिकाराम खोकत वर आला. घटकाभरानं पाझर पुन्हा नितळ झाला.

त्या दिवशी मातामायपुढं दिवा बेबीबाईनं लावला. रत्नाबाईच्या तळहातांची सालटी निघाली होती, तिला काडी धरवत नव्हती.