ग्वेइचौचा नकाशा

बायको दिल्लीतल्या एका शाळेत वीस वर्षं भूगोल शिकवते. चुनखडीच्या प्रदेशाचा धडा आला की ती फळ्यावर गुहा काढते, विवरं काढते, मध्येच जमिनीखाली गडप होणारी नदी काढते आणि भाताच्या खाचरांतून सरळ उभे राहिलेले सुळक्यांसारखे डोंगर काढते. यातलं तिने स्वतः काहीही पाहिलेलं नाही. सरकारी प्रवाससवलतीत आम्ही अंदमानला गेलो, काश्मीरला दोनदा गेलो, आणि तिन्ही वेळा वाटेत भेटलेल्या इतर सरकारी कुटुंबांशी क्वार्टरच्या गळक्या छतांबद्दल बोलून परत आलो.

मागच्या जानेवारीत, लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या क्वार्टरच्या बाल्कनीत उन्हात पाय पसरून बसलेली असताना ती म्हणाली, "या सुटीत मला ग्वेइचौला जायचंय."

"हे कुठे आलं?"

"चीनच्या नैर्ऋत्येला."

"चीनला जाणारे लोक बीजिंगला जातात. भिंत बघतात."

"भिंत माणसांनी बांधलीये. ती काय बघायची?"

चोवीस वर्षांच्या संसारात मी एक गोष्ट शिकलो आहे. ती या सुरात बोलली की विषय संपलेला असतो, आता फक्त तारीख ठरायची असते. तारीख ठरली जूनची, आठ दिवस. ग्वांगचौपर्यंत विमान, तिथून पाचेक तास रेल्वे. मग लाकडी मनोरे असलेली खेडी, छप्पर असलेले पूल, दोन गुहा. तिकडे जूनमध्ये सतत पाऊस असतो असं वाचून आम्ही सरोजिनी नगरच्या बाजारातून दोन रेनकोट आणले. त्यांच्या आत कुठल्यातरी युरोपियन भाषेत धुण्याच्या सूचना होत्या. बायकोने महिनाभर खपून एक नकाशा काढला. ट्रेसिंग पेपरवर, चार रंगांच्या शाईत, प्रमाण, उत्तर दिशेचा बाण, समोच्चरेषा, सगळं. जमिनीखालच्या नद्या तिने तुटक रेषेने दाखवल्या होत्या. इतकी सुंदर वस्तू आमच्या घरात दुसरी नव्हती.

आता माझ्याकडे यायला हवं. मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अवर सचिव आहे. सरकारी नोकराला खाजगी कामासाठी परदेशी जायचं तरी आधी परवानगी लागते. त्याचा एक पानी अर्ज असतो. त्यात 'भेटीचा उद्देश' असा दोन बोटं रुंदीचा रकाना असतो. बाकीचे त्यात 'पर्यटन' लिहून दुबईला जातात आणि येताना खजूर आणतात. मलाही तेवढंच लिहिता आलं असतं.

पण सव्वीस वर्षं मी हाताखालच्या प्रत्येकाला एकच गोष्ट घोकायला लावली होती. टिपण स्वयंपूर्ण हवं. वर बसलेल्या माणसाला वाचताना एकही प्रश्न पडता कामा नये. माझ्या टिपणांची खात्यात थोडीफार ख्याती होती, म्हणजे ती वाचायला लागू नयेत म्हणून लोक लगेच सही करत. त्या सवयीने मी आमच्या सुटीवर अकरा परिच्छेदांचं टिपण लिहिलं आणि त्याला चार परिशिष्टं जोडली. बीजिंग किंवा शांघाय का नाही, याची कारणमीमांसा परिच्छेद तीनमध्ये होती. बायकोचा मूळ नकाशा परिशिष्ट 'घ'. झेरॉक्समध्ये रंग जातात, म्हणून मूळच जोडला.

आणि परिच्छेद सात. त्या प्रांतात डोंगरांच्या एका नैसर्गिक वाडग्यात रेडिओलहरी टिपणारी प्रचंड दुर्बीण बसवली आहे. ते वाडगं चुनखडीचं, म्हणून बायकोला ते बघायचं होतं. तिथे प्रवाशांना फोन, घड्याळं, कॅमेरे, सगळं बाहेर ठेवावं लागतं. मी लिहिलं: 'चौथ्या दिवशी सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत अधोस्वाक्षरीकाराशी संपर्क होऊ शकणार नाही, याची कृपया नोंद घ्यावी.'

नोंद घेतली गेली.

पहिला प्रश्न बारा दिवसांनी आला. प्रस्तुत प्रांताचीच निवड का, ते स्पष्ट करावे. मला रागच आला, कारण परिच्छेद तीन त्यांनी वाचलाच नव्हता. मी आणखी चार पानं लिहून पाठवली. मग दुसरा आला. परिशिष्ट 'घ' कोणी, कशाच्या आधारे आणि कोणत्या प्रयोजनाने तयार केले? तिसरा एका ओळीचा होता. अधिकाऱ्यास चिनी भाषा अवगत आहे काय?

"नाही लिही," बायको म्हणाली.

"नुसतं नाही?"

"मग अजून काय लिहिणार? किती पानं नाही?"

या सुमारास आमच्या सहसचिवांनी बोलावलं. त्यांच्या केबिनच्या दारावर लाल आणि हिरवा असे दोन दिवे आहेत, आणि आत त्यांच्या आधी त्या खुर्चीत बसलेल्यांची नावं सोनेरी अक्षरांत लावलेली आहेत. शेवटच्या नावाखाली बरीच मोकळी जागा सोडली आहे, देश चालू राहणार या विश्वासाने. शोकेसमध्ये बीजिंगहून आणलेली चिनी मातीची बशी आहे. काही वर्षांपूर्वी ते नऊ जणांच्या शिष्टमंडळाबरोबर अभ्यासदौऱ्यावर गेले होते. कसला अभ्यास, ते कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. दौऱ्याचा अहवाल मात्र मीच लिहिला होता, दिल्लीत बसून.

एरवी ते 'आओ भई, बैठो' म्हणत. त्या दिवशी म्हणाले, "बैठिए." चहा आला नाही.

"ये नक्शा किसने बनाया?"

"पत्नी ने, सर. भूगोल पढ़ाती हैं."

"स्केल के साथ?"

"स्केल के बिना नक्शा नहीं होता, सर."

हे वाक्य बायकोचं. नववीच्या वर्गात ते खपतं.

"और ये छह घंटे?"

"फ़ोन जमा करने पड़ते हैं, सर. सबको."

"आपको कैसे मालूम?"

"पढ़ा था."

"आप बहुत पढ़ते हैं," ते म्हणाले. डॉक्टर ज्या सुरात 'सिगारेट ओढता का' असं विचारतो, तो सूर होता. मग त्यांनी माझी फाइल बंद केली आणि टेबलावरची जागा थोडी बदलून ठेवली, त्यांच्या हातापासून लांब.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. वरिष्ठ दरवर्षी आमच्या कामाचं मूल्यमापन करतात, त्या वार्षिक अहवालात सचोटीचा एक रकाना असतो. त्यात वरिष्ठाने 'संशयातीत' एवढाच शब्द लिहायचा असतो. मला पंचवीस वेळा तो मिळाला होता. माझ्याकडे पदक नाही, परदेशी पदवी नाही, दारावर दिवे नाहीत. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती आणि वर जाण्याची हाव केव्हाच सुटली होती. तो शब्द सव्विसाव्यांदा मिळावा, शेवटपर्यंत मिळत राहावा, एवढीच काय ती माझी महत्त्वाकांक्षा होती.

शेजारच्या क्वार्टरमध्ये परभणीचे एक गृहस्थ राहतात. दुसऱ्या एका खात्याच्या दक्षता शाखेत आहेत. माणसांवर नजर ठेवण्याच्या कामात आयुष्य गेल्यामुळे ते घरी फार मोकळे असतात. मी त्यांना टिपणाची माझी प्रत दाखवली. ते सावकाश वाचत गेले. परिच्छेद सातपाशी त्यांनी चष्मा काढला.

"साहेब, हे तुम्ही लिहिलंत की कुणी वैऱ्याने लिहून दिलं?"

"काय चुकलं त्यात? सगळं खरं आहे."

"तेच तर. चीनमध्ये कुठे जाणार, किती वाजता गायब होणार, सोबत नकाशा. वहिनी, तुमचा नकाशा म्हणे एवढा भारी होता, की इथे बसून मलाच तुमच्यावर डाऊट यायला लागलाय."

बायको हसली. ते हसता हसता थांबले.

"मागे घ्या अर्ज. उद्याच. घरातलं आजारपण सांगा. वहिनी, आईंची तब्येत वगैरे?"

"आई जाऊन नऊ वर्षं झाली."

"मग नको, तेही बघतील. गुडघे?"

"ठणठणीत आहेत."

"यार, एक तरी काही दुखत असेल की घरात," ते म्हणाले.

बायको उठून स्वयंपाकघरात गेली. तिथूनच म्हणाली, "घे मागे. ते डोंगर काही कुठे जात नाहीत." भांड्यांचा आवाज मात्र नेहमीपेक्षा बराच वेळ येत राहिला.

मी एका ओळीत अर्ज मागे घेतला. वैयक्तिक कारणास्तव. आयुष्यात एवढं छोटं टिपण मी पहिल्यांदाच लिहिलं, आणि एवढं वाचलं गेलेलंही तेच असावं. नऊ दिवसांनी उत्तर आलं. सदर वैयक्तिक कारण अर्ज करण्यापूर्वी अस्तित्वात होते की नंतर उद्भवले? पूर्वीचे असल्यास अर्जात नमूद का केले नाही? नंतरचे असल्यास, कोणाशी विचारविनिमयानंतर? शेवटी एक ओळ होती: मूळ परिशिष्टे अभिलेखात ठेवण्यात आली आहेत.

मी बराच वेळ त्या 'कोणाशी'कडे बघत राहिलो. मग 'कोणाशीही नाही' असं लिहिलं. सव्वीस वर्षांत सरकारला लिहून दिलेलं माझं पहिलं खोटं. शेजाऱ्यांना मी ते सांगितलं नाही. त्यांनाही अंदाज आला असावा, कारण त्यानंतर ते जिन्यात भेटले की हवामानाबद्दल बोलू लागले.

त्यानंतर घडलं असं काहीच नाही. दोन महत्त्वाच्या फाइली माझ्याकडे यायच्या त्या वरच्यावर दुसरीकडे जाऊ लागल्या. कामाचा बोजा वाटून घ्यावा असा आदेश निघाला होता, आदेशात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. फाटकावरचा गार्ड एकदा म्हणाला, "साब, कोई आपका फ्लोर पूछ रहा था." मीटर बघणारा असेल. असेलच. जूनमध्ये, ज्या आठवड्यात आम्ही पावसात असायचो, त्या आठवड्यात दिल्लीत पारा उतरायचं नाव घेत नव्हता आणि बायको शाळेच्या प्रशिक्षणवर्गाला जात होती. चौथ्या दिवशी, सकाळी दहा ते दुपारी चार, मी फोन टेबलावर समोर ठेवून बसलो होतो. कुणाचाही आला नाही.

वार्षिक अहवाल डिसेंबरात, एका शुक्रवारी संगणकावर उघडला. गुण मागच्या वर्षीइतकेच. 'अधिकाऱ्याची टिपणे सविस्तर असतात' असा शेरा. खाली सचोटीचा रकाना. त्यात काही नव्हतं.

नियम मला पाठ आहे, कारण तो मी इतरांना शिकवला आहे. संशय असेल तर रकाना कोरा ठेवावा आणि वेगळं गोपनीय टिपण लिहावं. ते टिपण किती परिच्छेदांचं असेल, असा विचार आधी मनात आला. त्याला परिशिष्ट असेल, आणि ते कोणतं असेल, हा विचार नंतर.

घरी सांगितलं नाही.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर बायकोने टेबल खिडकीपाशी ओढलं. दहा दिवसांच्या धुरक्यानंतर स्वच्छ ऊन पडलं होतं. तिने ट्रेसिंग पेपर पसरला, चार शाया मांडल्या.

"तो काही परत मिळणार नाही," ती म्हणाली. "म्हटलं, नववीसाठी नवा काढावा. निम्मा तर पाठच आहे."

समोरच्या ब्लॉकच्या गच्चीवर दोन माणसं उभी होती. डिश अँटेना बसवत होती बहुतेक. मी उठलो आणि पडदा ओढला.

"ऊन लागतंय?" तिने विचारलं.

"हो."

डिसेंबरच्या दिल्लीत लोक खुर्च्या घेऊन उन्हाच्या मागे फिरतात. तिने माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं. तिने टेबलावरचा दिवा लावला, आणि जमिनीखालची नदी तुटक रेषेने काढू लागली.