इंजिनाचा दहीभात

जगात जे जे म्हणून पातळ आहे ते डिझेलच्या इंजिनात जळलंच पाहिजे, अशी माझ्या मेहुण्याची पक्की समजूत. हा आमच्या हिचा धाकटा भाऊ. अंबरनाथला एका वर्कशॉपात फिटर, पण जीव सगळा बदलापूरला, माझ्या पिठाच्या गिरणीतल्या इंजिनात. माणसं पाहुणी आली की आधी पाणी मागतात, हा आधी इंजिनाची टाकी हुंगायचा. लग्नाच्या पंगतीत आमटीवरचा तवंग बोटावर घेऊन शेजाऱ्याला सांगायचा, "हे पेटेल हां!" शेजारी पान टाकून उठायचा. उल्हासनगरच्या एका सिंधी फरसाणवाल्याकडून तळून काळं झालेलं तेल डबे भरभरून आणायचा. शेठ हात जोडून म्हणायचा, "साईं, तेरे इंजन को खट्टी डकार आएगी!" डकार काही आली नाही, पण आठवडाभर धुराड्यातून भज्यांचा वास सुटला आणि गल्लीतले लोक विचारायला लागले, गिरणी बंद करून हॉटेल टाकलं काय? मी चौथी शिकलेला, तोंडाचा फटकळ. म्हणालो, "ही गिरणी आहे, तुझी प्रयोगशाळा नाही. चालता हो." तो हसला आणि करंजाच्या बियांचं पोतं आत घेतलं.

पण करंजाचं तेल चाललं! बारवीकडच्या पाड्यांवरून बिया आणायच्या, घाण्यावर तेल काढायचं, हिच्या जुन्या लुगड्यातून चारदा गाळायचं आणि निम्म्याला निम्मं डिझेल घालायचं. पहिल्या दिवशी इंजिनाने असा काही ठेका धरला की मी डोक्यावरची टोपी काढून वर उडवली, ती पिठात पडली. मेहुणा नुसता नाचत होता. म्हणाला, "भावोजी, इंजिनाला माणसासारखं वाढायचं. सुरुवातीला वरणभात, म्हणजे नुसतं डिझेल. मग मिश्रण, पोटभर. आणि बंद करण्याआधी दहीभात, म्हणजे पुन्हा नुसतं डिझेल. दहीभात चुकला की तेल नळीत घट्ट बसलं, सकाळी इंजिन उठायचं नाही."

दिवाळीच्या भाजणीचे दिवस आले तेव्हा मी हिला बजावलं, "या आठवड्यात इंजिन रुसलं, तर तुझ्या भावाने गिरणीचा उंबरा चढायचा नाही. कायमचा." ही म्हणाली, "नाही रुसणार. आणि रुसलंच, तर मी बघीन."

दुसऱ्याच दिवशी रुसलं. दारात बायकांची रांग, प्रत्येकीच्या कडेवर भाजणीचा डबा. मी हँडल मारलं, मेहुण्याने मारलं, इंजिन ढिम्म. रांगेतली एक म्हणाली, "काय हो, दिवाळीचं माहेरी गेलं वाटतं!" सगळ्या फिदीफिदी. मेहुण्याचं तोंड पिठासारखं पांढरं. हळूच म्हणाला, "भावोजी, काल दहीभात राहिला. ताईने चिवडा चाखायला हाक मारली, तसाच बंद करून पळालो." माझा हात वर गेला होता, खोटं कशाला सांगू? तेवढ्यात ही आली. दोन्ही हातांत बंबातल्या कढत पाण्याची बादली. "सरका. माझ्या हाकेने राहिलं ना, मग माझ्याच पाण्याने उठेल." पदर खोचला आणि नळीवर, पंपावर धार धरली. बादली संपली. "हं, आता मार रे." मेहुण्याने हँडल मारलं. धक... धक... धकधकधक! बायकांनी डब्यांची झाकणं वाजवली. आणि वर गेलेला माझा हात त्याच्या पाठीवर असा पडला की तो दोन दिवस वाकून चालत होता.

पुढे गिरणीला मोटर बसली, इंजिन गोणपाटाखाली गेलं. आणि ही पण गेली. वर्षश्राद्धाला मेहुणा आला तो पिशवीत करंजाच्या तेलाची बाटली घेऊन. जेवणं झाल्यावर म्हणाला, "भावोजी, चालवू या?" गोणपाट काढलं. म्हातारं इंजिन, पण वरणभात मिळताच उठलं, मिश्रणावर तर तस्साच ठेका! आम्ही दोघं त्याच्यावर हात ठेवून उभे.

मग बंद करायची वेळ आली. मेहुण्याने डिझेलच्या कॉकला हात घातला. मी तो धरला आणि इंजिन तसंच बंद केलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग चपला घालता घालता म्हणाला, "सकाळी येतो, भावोजी. ताईचा बंब पेटवून ठेवा."