ओली चिंधी

हे मी आजवर कोणापाशीच बोलले न्हाई. मालकापाशी न्हाई, लेकीपाशी न्हाई. एकदा राजूरच्या गणपतीपुढं हात जोडून मनातल्या मनात सुरुवात केल्ती — पण मागच्या बाईनं ढकललं, चला चला म्हणली, आन् मी चालायला लागले. खरं सांगू? बरंच वाटलं. सुटले म्हणून. आता तुमच्यापुढं बसले तर तेच होऊन राह्यलं — गावाचं सांगावं, नाल्याचं सांगावं, आन् सांगायचं ते तसंच ठेवून उठावं. एवढ्या वर्षांत मला तेच तर जमलंय.

तरी नाल्यापासूनच सांगते. दुसरीकडून मला येत न्हाई.

माहं सासर नाल्याच्या अल्याड, माहेर पल्याड. नाला केवढा? उन्हाळ्यात साडी न उचलता ओलांडावा एवढा. पण अल्याड जालना जिल्हा आन् पल्याड बुलढाणा. आमचे मामंजी सांगायचे, त्यांच्या लहानपणी अल्याड निजामाचं राज्य होतं, पल्याड इंग्रजाचं वऱ्हाड. नाल्यावर करोडगिरीचा, म्हंजे जकातीचा नाका, गुळाची ढेप नेली तरी शिपाई अडवायचा. राज्यं गेली, नाका गेला, रेघ काही गेली न्हाई. मी लग्न होऊन आले तवा जालना जिल्हा नवाच झाल्ता. माहेरच्या सवयीनं ‘माझं’ला ‘मायं’ म्हणलं की जावा हसायच्या, आगं ‘माहं’ म्हण. माहेरी गेले की तिथं ‘माहं’ला हसायचे.

पाणी मात्र दोन्हीकडचं एक. पल्याडच्या मोटरी चालल्या की आमची विहीर खाली जायची, आमच्या चालल्या की त्यांची. हे कळायला कोण्या साहेबाची गरज न्हाई पडली, पाणी शेंदणाऱ्या बायांना पहिलं कळायचं. दर उन्हाळ्यात भांडणं. अर्ज घेऊन जालन्याला जावं तर साहेब म्हणायचा, पल्याडचं आमच्या हद्दीत येत न्हाई. पल्याडचे लोक बुलढाण्याला गेले की तिथला साहेब आमच्याकडं बोट दाखवायचा. अरे, जमिनीच्या खाली काय तारेचं कुंपण घातलंय का तुम्ही? आजही आठवलं की डोक्यात तिडीक जाते. साहेबांवर चिडणं सोपं आहे ना — म्हणून मी त्यांच्यावरच जास्त चिडते.

मंग दोन्ही गावच्या म्हाताऱ्यांनी मारुतीसमोर बसून एक रीत पाडली. पाडवा झाला की दोन दिवस दोन्हीकडच्या सगळ्या मोटरी बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी दोर सोडायचा, अल्याडच्या एका विहिरीत आन् पल्याडच्या एका. दोराच्या टोकाला दगड, दगडाच्या वर ठरलेल्या जागी लाल चिंधी बांधलेली. दगड तळाला टेकवायचा आन् दोर वर ओढायचा. चिंधी ओली निघाली तर पाणी आहे, बागा भिजवा. कोरडी निघाली तर बागांच्या मोटरी बंद, पाणी फक्त माणसाला आन् जनावराला. आमच्या विहिरीत दोर सोडणार पल्याडचा माणूस, त्यांच्यात सोडणार आमचा. म्हणजे कोणी लबाडी करायला नको.

आन् एकीकडं ओली, दुसरीकडं कोरडी निघाली तर? म्हातारे म्हणले, असं होणारच न्हाई. पाणी एक आहे, उतरंल तर दोन्हीकडं उतरंल. ज्या बाजूची चिंधी एकटी कोरडी निघंल, त्या बाजूला कोणीतरी बंदीच्या दिवसांत मोटर चालवली. तो चोर. त्याच्या मोटरीची स्टार्टरची पेटी काढायची आन् दुसऱ्या गावच्या मारुतीत नेऊन ठेवायची. पुढं कितीतरी वर्षं असं झालं न्हाई. कधी दोन्ही ओल्या, कधी दोन्ही कोरड्या. कोरड्या निघाल्या की दोन्ही गावं कुरकुरायची, शिव्या द्यायची, पण मोटरी बंद ठेवायची. बराबर ठेवायची. मी स्वतः बघितलंय.

मोजणीची अल्याडची विहीर आमची होती. नाल्याच्या कडेला, आमच्या मोसंबीच्या बागेत. आन् पल्याडहून दोर सोडायला यायचा तो माहा थोरला भाऊ, गजाननदादा. दादाला सगळे सरळ माणूस म्हणायचे. त्याचं रान त्यांच्या मोजणीच्या विहिरीला लागूनच, संत्र्याची बाग होती त्याची. सकाळी दोर खांद्यावर टाकून यायचा, आधी विहिरीवर जायचा, मोजणी झाल्यावरच माह्या हातचा चहा घ्यायचा. आधी पाणी सुद्धा घेत नसे.

बघा, अजून सांगितलं न्हाई मी. फिरूनच राह्यले.

त्या साली मोसंबी अशी लगडल्ती की फांद्यांना टेकू द्यावे लागले. फळं लिंबाएवढी झाल्ती. बागेतलं एकेक झाड माह्या हातचं होतं, रोपं होती तवा मी डोक्यावर पाणी वाहून जगवलेली. आता म्हणाल, म्हणून केलंस का? झाडं वाचवायला? न्हाई. झाडं महिनाभर बिगर पाण्याची निघाली असती, याच्या आधी निघाल्तीच. गळालं असतं ते फळ. मला ते फळ पाहिजे होतं. एवढंच.

आमच्या आखाड्यावर, शेतातल्या वस्तीवर, गोठ्याजवळ एक बोअर होता. जनावरांच्या पाण्यासाठी म्हणून बंदीत बी चालवायला दोन्ही गावांनी मान्य केलेला. मोटर खाली खोल पाण्यात बसवलेली, वर आवाज येत न्हाई. मालक मोंढ्यात हरभरा घालायला जालन्याला गेल्ते आन् मस्तगडला नणंदेकडं मुक्कामी राहिल्ते. बंदीचा पहिला दिवस. दुपारी लाईट आली. मी काळा पाइप बोअरला जोडला आन् दुसरं तोंड विहिरीत सोडलं. दोन दिवस, लाईट असेल तेवढा वेळ. मंग पाइप गुंडाळून कडब्याच्या गंजीखाली सारला.

हेच. हे केलं मी.

पण हे एवढंच असतं तर कदाचित कधीतरी कोणाला सांगितलं असतं. माह्या मनाला मी सांगितल्तं की पल्याडची चिंधी बी ओलीच निघंल, कोणाचं काय जातंय? पण ते खोटं होतं. आठच दिवसांआधी भावजय बाजारात भेटल्ती. म्हणत होती, वन्सं, आमच्या विहिरीनं तळ दाखवला, औंदा चिंधी कोरडी निघती बघा. म्हणजे मला माहीत होतं. अल्याड ओली आन् पल्याड कोरडी — याचा अर्थ काय निघंल हे मला पाइप जोडतानाच माहीत होतं. आन् त्या विहिरीला लागून रान कोणाचं, ते तर जन्मापासून माहीत होतं. तरी बटन दाबलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दादा आला. दोन्ही गावची चार माणसं संगं. मालक बी आल्ते तोवर. दादानं दोर सोडला, दगड टेकवला, वर ओढला. चिंधीतून पाणी निथळून राह्यल्तं. आमची माणसं खुश. दादा दोर गुंडाळता गुंडाळता खाली वाकला.

आमच्या विहिरीच्या कपारीत कबुतरं घरटी करायची. ऐन चैत्रात, पावसाचा थेंब न्हाई, आन् खालच्या कपारीतल्या घरट्याच्या काड्या पाण्यावर तरंगून राह्यल्या. पाणी कपारीपर्यंत चढल्तं ना, वरून ओतल्याबिगर चैत्रात एवढं चढत न्हाई. मी दोन दिवस पाइपाकडं बघत बसले, कपारीकडं माहं लक्षच गेलं न्हाई. कबुतर कठड्यावर येऊन बसायचं, उडायचं, परत येऊन बसायचं. दादानं काड्या बघितल्या. कपार बघितली. मंग मान वर करून माह्याकडं बघितलं. मी तिथंच बांधावरच्या चुलीवरचा चहा गाळायला घेतला.

“चिंधी ओली हाये,” दादा म्हणला. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्या दिवशी त्यानं चहा न्हाई घेतला.

पल्याडची कोरडी निघाली. दुपारी नाल्यातल्या कडूलिंबाखाली दोन्ही गावं जमली. बाया एका कडंला, मी बी त्यांच्यात. आमच्या गावचेच पहिल्यांदा बोलले — पल्याडच्या विहिरीला लागून कोणाचं रान, संत्र्याची बाग कोणाची, सरळ सरळ दिसतंय की. दादा उभा राहिला. मला वाटलं आता सांगतो. आन् खोटं कशाला बोलू, मनात म्हणून राह्यल्ते — नको रे दादा, नको सांगू.

“म्या मोटर लावली नाही,” तो म्हणला. “याच्यावर मले काही बोलायचं नाही.”

आन् माह्याकडं बघितलं सुद्धा न्हाई त्यानं. बघितलं असतं तर मी बोलले असते का? असं मी स्वतःला लई वर्षं विचारलं. न्हाई बोलले असते. त्यानं बघितल्तं ना सकाळी, तवा मी चहा गाळला.

आमच्या गावच्या दोन पोरांनी जाऊन दादाची पेटी काढून आणली. मालक घरी येऊन म्हणले, तुह्या भावाला मी लई सरळ समजत होतो. मी ताट वाढलं. वर भात पाहिजे का म्हणून विचारलं.

आमच्या मोटरी चालल्या. मोसंबी चांगली निघाली, ट्रक बागेत आला. पल्याडची पिण्याची विहीर त्याच महिन्यात आटली, टँकर लागला. दादाची संत्री वाळली. भावजय घागरीनं पाणी घालून राह्यल्ती म्हणे, कडेच्या दोन-चार झाडांना. पुढच्या साली बाग तोडली त्यानं.

त्यानंतर पल्याडचे दोर घेऊन आलेच न्हाईत. त्यांना दादा माहीत होता ना. त्यांचं म्हणणं, गजानन खोटं बोलणारा माणूस न्हाई, तवा दोरच खोटा. आमचं म्हणणं, चोर सापडला म्हणून रीत मोडली. मंग काय — त्यांनी बोअर पाडले, आम्ही पाडले. ते खोल गेले, आम्ही त्याहून खोल. काही वर्षांतच दोन्ही मोजणीच्या विहिरींत पोरं क्रिकेटचा चेंडू शोधायला उतरायला लागली. आमची मोसंबी बी गेली. मालकांनी जेसीबी लावून झाडं उपटली तवा मी उभी राहून बघत होते. रडले न्हाई. कोणत्या तोंडानं रडणार?

आन् वैताग कशाचा येतो सांगू? या सगळ्यावर लोकांनी मला शहाणी ठरवली. पुढं पाण्याची समिती झाली, बायांचं नाव लागतं म्हणून मला अध्यक्ष केलं. शिबिराला नेलं, ताई तुमच्या दोन गावांची दोराची रीत सांगा म्हणले. मी सांगितली. दगड, चिंधी, सगळं बराबर. शेवटी कोणीतरी विचारलं, एवढी चांगली रीत, मंग मोडली कशी? मी म्हणले, माणसाला हाव सुटते. टाळ्या वाजवल्या त्यांनी. हो, बिलकुल खरं बोलले मी. फक्त कोणत्या माणसाला, ते तेवढं गिळलं.

दादा अजून भाऊबिजेला येतो. संत्री आणतो — आता बाजारातून विकत. मी कापून सगळ्यांना वाटते. त्या दिवसाबद्दल तो एक शब्द बोलला न्हाई, मी बी न्हाई. त्याची पेटी आमच्या मारुतीच्या सभामंडपात, कोनाड्यात आहे. गंजली. रीतच न्हाई राहिली तर पेटी कशाला ठेवायची, घेऊन जा, असं आमच्या लोकांनी त्याला किती वेळा सांगितलं. तो म्हणतो, ज्यानं नेली त्यानं आणून द्यावी. ती दोन पोरं कवाच पुण्याला कामाला गेली. लोकांना वाटतं, दादा त्यांचं बोलतो.

दर शनिवारी मी मारुतीला तेल घालायला जाते. मागच्या महिन्यात देवळात कोणी नव्हतं. ती पेटी मी खाली काढली, पदरानं पुसली. जड न्हाई, एका हातात येते. नाला आता बारा महिने कोरडा असतो, दादाचं घर देवळाच्या पायरीवरून दिसतं. मी पायरीपर्यंत गेले.

मंग परत फिरले, पेटी होती तिथं कोनाड्यात ठेवली, आन् तेलाची वाटी घेऊन घरी आले.