शाळेपुढचा ब्रेकर

आमच्या शाळेपुढचा रस्ता रुंद झाला तेव्हा गावात पेढे वाटले होते. मीही एक खाल्ला. लातूरहून मुरुडकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव, शाळा रस्त्याच्या एका अंगाला आणि वस्ती दुसऱ्या अंगाला. जुना रस्ता म्हणजे नुसते खड्डे. शाळेपुढं एक ओबडधोबड ब्रेकर होता, त्याच्यावर ट्रक आदळला की वर्गात शिकवणं थांबवावं लागायचं. नवा रस्ता करताना तो ब्रेकर उखडला. मी मुख्याध्यापकांना विचारलं तर म्हणाले, "काम चालू हाय अजून, टाकतील." काम संपलं, फीत कापली, दुभाजकात कण्हेर लावली. ब्रेकर काही आला नाही.

मुलांना मी शिकवलं होतं, की आधी उजवीकडं बघा, मग दुभाजकावर थांबा, मग डावीकडं बघा. रोज प्रार्थनेनंतर म्हणून घ्यायचे. चौथीत एक मुलगी होती, जिला सतराचा पाढा उलटा म्हणता यायचा. हे पाठ म्हणतानाही तिचाच आवाज सगळ्यांत मोठा.

त्या सकाळी मी शाळेच्या फाटकात उभी होते. ती दुभाजकावर थांबली. तिनं डावीकडं बघितलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. गाडी लांब होती. कुठल्याही शहाण्या माणसाला वाटलं असतं की वेळ आहे. ती निघाली, आणि लांबची गाडी एकदम जवळ आली.

हे मी नंतर किती जणांना सांगितलं असेल. सगळे विचारायचे, "पोरगी पळत आली असंल ना?" नाही. ती चालत आली. मी शिकवलं तसंच तिनं सगळं केलं होतं.

गाडीवाला पळून गेला नाही. पांढऱ्या कपड्यातला, वयानं माझ्यापेक्षा थोडा मोठा माणूस. त्यानंच आम्हाला गाडीत घेतलं. मागच्या सीटवर मुलीचं डोकं माझ्या मांडीवर, वस्तीतून धावत आलेली तिची आई पायाशी, आणि हा माणूस लातूरपर्यंत एकच म्हणत राहिला, "अचानक आली हो मॅडम, एकदम अचानक." गाडी तो तेवढ्याच वेगानं हाणत होता. वाटेत दोन शाळा लागल्या. मी मनात म्हणत होते, अजून जोरात. या गोष्टीचा राग मला आजही येतो, त्याच्यावरही आणि माझ्यावरही.

पाय दोन ठिकाणी मोडला होता. ऑपरेशन झालं, सळई टाकली. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण वेळ लागेल.

मग मी ब्रेकरसाठी अर्ज लिहिला. तिची आई माझ्याबरोबर यायची. शेतातली बाई, लातुरात रिक्षातून उतरली की आधी पदर सारखा करायची आणि मग माझ्या मागं जिना चढायची. पहिल्या कचेरीत सांगितलं, रस्ता आमच्याकडं नाही. दुसरीत सांगितलं, रस्ता आमचा, पण अशा रस्त्यावर ब्रेकर चालत नाही. तिसरीत सांगितलं, गाड्यांच्या वेगाचं पोलिसांकडं बघा. पोलिसांची वेग मोजायची गाडी आमच्या रस्त्यावर उभी असायची, नाही असं नाही. पण गावाच्या पुढं, मोठ्या लिंबाखाली. एकदा मी स्कूटीवर आले होते, तेव्हा थांबून तिथल्या शिपायाला विचारलं, शाळेपुढं का उभे राहत नाही? तो चांगला माणूस होता. म्हणाला, "मॅडम, तिथं सावली न्हाई."

चौथ्या खेपेला एका साहेबांनी अर्ज वाचला. पहिल्यांदाच कुणीतरी पूर्ण वाचला म्हणून मला बरं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "जीवितहानी?"

"नाही सर. पाय मोडलाय."

"मग अवघड आहे. धोक्याच्या ठिकाणांच्या यादीत बसायला हवं ना. कुणी दगावलं असतं तर पाठपुरावा करता आला असता."

ते वाईट हेतूनं बोलले नाहीत. नियम सांगावा तसं सांगितलं. तिची आई तोवर चारही खेपांत एक शब्द बोलली नव्हती. ती पुढं झाली.

"मंग साहेब, पाय बरा झाला की पोरीला पुन्हा तिथंच उभी करू का?"

साहेबांनी कागद खाली ठेवला. बाहेर जा म्हणाले नाहीत, बसाही म्हणाले नाहीत. आम्हीच निघालो. जिना उतरताना मी दोन-दोन पायऱ्या घेत होते आणि ती मला म्हणत होती, "बाई, सावकाश."

गावानं मग आपलं आपण केलं. एका रविवारी लोकांनी ट्रॅक्टरभर मुरूम आणला, दगड रचले, पाणी मारून धुमसानं ठोकून घट्ट केलं आणि दोन्ही बाजूंना आडवा उंचवटा घातला. वर चुन्याचे पट्टे ओढले. हे बेकायदा आहे हे मला माहीत होतं, आणि पट्टे सरळ येतात का ते बघायला मी स्वतः सुतळी धरून उभी होते. नऊ दिवस गाड्या शाळेपुढं सावकाश गेल्या. दहाव्या दिवशी डोझर आला, सोबत पोलीस. मधल्या सुट्टीच्या आत रस्ता साफ. एक अर्ज हलायला ज्यांना पाच महिने पुरले नव्हते, त्यांनी मुरूम उचलायला अर्धा दिवसही घेतला नाही. मुलं खिडकीतून बघत होती. मी खिडक्या लावल्या नाहीत. बघू दे म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून मी आणि मुलीची आई, शाळा भरताना आणि सुटताना, लाल फडकं घेऊन रस्त्यात उभ्या राहायला लागलो. शेतावर निघालेल्या बायकाही आमच्यासोबत थांबायच्या. काही गाड्या थांबत, काही हॉर्न दाबून अंगावरून जात. एकदा आमच्याच खात्याची गाडी थांबवली. आतल्या साहेबांनी काच खाली केली, माझ्याकडं बघितलं आणि काच वर केली. आठवड्यानं मला पत्र आलं, शालेय वेळेत रस्त्यावर उभं राहून वाहतुकीस अडथळा केल्याबद्दल खुलासा सादर करा. मी खुलासा लिहिला: 'माझे विद्यार्थी शाळेत जिवंत पोहोचावेत यासाठी उभी होते.' मुख्याध्यापकांनी तो वाचला, चष्मा काढला, म्हणाले, "जरा मवाळ लिहा की." मी एक शब्द बदलला नाही. त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि खाली स्वतःचीही सही केली. खुलाशाला उत्तर आलं नाही. दोन महिन्यांनी रस्त्यावर जाड पांढरे पट्टे आले आणि 'पुढे शाळा आहे' अशी पाटी. ट्रकवाले पट्ट्यांवर वेग थोडा कमी करतात. मोटारींना ते कळतही नाहीत.

मुलगी परत आली. उजवा पाय जरा ओढते. वर्ष वाया जाऊ नये म्हणून आई तिला घरी शिकवत राहिली होती, स्वतः सातवीपर्यंतच शिकलेली. रस्ता मात्र मुलगी एकटी ओलांडत नाही. दुभाजकापर्यंत येते आणि तिथंच थांबून राहते, कितीही रिकामा असला तरी.

मी लातूरहून येते, आम्ही चार शिक्षक मिळून एका गाडीनं. आळीपाळीनं नाही, एकच सहकारी चालवतात, गाडी त्यांची. परवा निघायला उशीर झाला होता. अलीकडच्या गावात शाळा भरत होती, मुलं रस्त्याकडेला उभी होती, आणि आमची गाडी त्यांच्या समोरून सुसाट गेली. मी म्हटलं, "सर, हळू घ्या." ते आरशातून बघून हसले.

"मॅडम, तुमची शाळा कुठं आली अजून?"

बाकीचे दोघंही हसले. त्यात वाईट काहीच नव्हतं, रोजची थट्टा. पण मला आठवलं की याच गाडीत, याच सीटवर, मी पाच वर्षं बसले होते आणि या शाळेपुढून गेले होते. एकदाही हळू घ्या म्हटलं नव्हतं. उलट हजेरीला उशीर होईल म्हणून घड्याळ बघायचे.

"थांबवा," मी म्हटलं.

"अहो मॅडम..."

"थांबवा. मला उतरायचंय."

त्यांनी बाजूला घेतली. मी डबा आणि पर्स घेऊन उतरले. गाडी थोडा वेळ थांबली, मग गेली. मी बसची वाट बघत त्या शाळेच्या फाटकाजवळ उभी राहिले. त्या दिवशी मला पाऊण तास उशीर झाला. रजिस्टरमध्ये कारण लिहायच्या रकान्यात मी खरं कारण लिहिलं.